तेवीस नंबरचा डबा

मीनाच्या फोनवर तिची आई दिसत होती. आईच्या खांद्यावर एका पुरुषाचा हात होता. मनगटावर घड्याळ, निळी बाही. तोंड दिसत नव्हतं. आई खुर्चीवर बसली होती आणि कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

मी दारात उभी होते, हातात मीनाचा डबा. सोमवार, दुपारचे साडेबारा.

तो माणूस त्यांच्या भाषेत बोलत होता. मला एक शब्द कळत नव्हता. आवाज मात्र शांत होता. बँकेतला माणूस फॉर्म कसा भरायचा ते सांगतो, तसा. मध्येच त्याने आईचा खांदा दोनदा थोपटला. मग एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. कागदावर फोटो छापलेला होता आणि फोटोत माझा डबा होता.

माझा डबा ओळखायला मला चष्मा लागत नाही.

फोन बंद झाला. मीनाने तो टेबलावर पालथा ठेवला.

"सहा वाजेपर्यंत," ती म्हणाली.

"काय सहा वाजेपर्यंत?"

"पासवर्ड द्यायचा. नाहीतर आईला घेऊन जातील. भावाला तर ते शोधतच आहेत."

"आणि माझा डबा कशाला दाखवला त्याने?"

"तो म्हणाला, तू कुठल्या खोलीत राहतेस आणि कोणाच्या हातचं जेवतेस, ते आम्हाला माहीत आहे."

मी डबा खाली ठेवला. त्याला हे कसं कळलं, ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण त्या क्षणी मी बोलले नाही.

आता माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी इचलकरंजीची, शिक्षण चौथीपर्यंत. आमचे हे जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात फिटर होते, त्यांच्याबरोबर मी इथे आले. ते गेल्यावर मी डबे सुरू केले. रीतसर गेवेर्बेशाइन काढलं, म्हणजे धंद्याचा परवाना. स्वयंपाकघर तपासायला सरकारी माणसं वर्षातून एकदा येतात, फ्रीजमध्ये थर्मामीटर घालून बघतात. तीसएक गिऱ्हाइकं होती. बहुतेक पुण्याकडचे इंजिनियर, आणि कॉलेजच्या व्होनहाइममधली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली काही मुलं. रोज भरलेला डबा द्यायचा आणि कालचा रिकामा घ्यायचा. सगळी फेरी माझ्या जुन्या गाडीतून मीच करते.

या धंद्यात एकच मोठा गुन्हा आहे. डबा चुकणे. एकाचा डबा दुसऱ्याला गेला की एक जण उपाशी राहतो, आणि दुसरा नको ते खातो. एकदा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला दाण्याची आमटी गेली होती. तेव्हापासून मी प्रत्येक डब्यावर नंबर घातला. पुण्याला गेले की भांड्यांच्या दुकानातून डबे आणते. तिथेच तो मशीनवाला बसलेला असतो, तो ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतो. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर असतं तसंच. माझ्या डब्यांवर वर 'क. ग. शिंगटे' आणि खाली नंबर, सगळं मराठीत. एका गिऱ्हाइकाचे दोन डबे, दोन्हींवर एकच नंबर. मीनाचा तेवीस.

मीना हे तिचं नाव नाही. तिचा देशही मी लिहिणार नाही, तिची आई अजून तिथे आहे. एवढंच सांगते, की त्या देशाच्या एका प्रांताला वेगळा देश हवा आहे, आणि त्यासाठी तिथली कॉलेजची मुलं रस्त्यावर आली होती. ही २०१६ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. वेगळा देश हवा की नको, यावर मला मत नाही. मी तिथे राहिलेली नाही.

मीना इथे इंजिनियरिंग शिकायला आली होती. शेजारच्या खोलीतल्या नाशिकच्या मुलीच्या डब्यातलं वरण तिने एकदा चाखलं. म्हणाली, आमच्याकडेही अशीच डाळ असते. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइक झाली. बाकीच्यांचं ऐकून मलाही मावशी म्हणायला लागली. आम्ही जर्मनमध्ये बोलायचो. तिची जर्मन पुस्तकी, माझी बाजारातली.

घटनेच्या आदल्या आठवड्यात तिचे डबे भरलेलेच परत आले. सोमवारचा, मग मंगळवारचा. डबा भरलेला परत येणं म्हणजे एक तर माणूस आजारी आहे, नाहीतर माझं जेवण बिघडलंय. बुधवारी मी विचारलं.

"मीठ जास्त झालं का?"

"नाही मावशी."

"मग पोटात काही आहे?"

"नाही. मी तीन दिवस जेवत नाहीये. आमची मुलं तिकडे तुरुंगात उपोषणाला बसलीयेत. त्यांच्याबरोबर."

"तू इथे उपाशी राहून त्यांचं पोट भरणार आहे का?"

ती हसली. म्हणाली, "लोकांना कळतं तरी."

लोकांना कसं कळतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिचं फेसबुकवर एक पेज होतं. तिच्या नावाचं नाही, चळवळीचं. चालवायची मात्र ती एकटी. अशा पेजची किल्ली ज्याच्याकडे असते त्याला ॲडमिन म्हणतात. तिकडे पोलिसांनी कोणाला मारलं की तिथली मुलं फोनवर चित्रण करून पेजला गुपचूप पाठवायची, आणि ही इथे बसून ते लावायची. तिथे इंटरनेट बंद व्हायचं, इथलं कोण बंद करणार? लाखावर लोक ते बघायचे. आणि पाठवणाऱ्या मुलांचे निरोप, नावासकट, पेजच्या आतल्या पेटीत पडून राहायचे. ती पेटी म्हणजे सगळ्या चळवळीची हजेरीपटच होता.

मंगळवारी तिने पेजवर एक फोटो लावला. बंद डबा, शेजारी कागद, कागदावर लिहिलेलं, "आज दुसरा दिवस." मुलगी हुशार होती. पडदा ओढला होता. अंगठी काढून ठेवली होती. टेबलावरचं कॉलेजचं पुस्तक उचललं होतं. डब्यावरचे ठिपके तेवढे तिने तसेच ठेवले. तिला ती नक्षी वाटली.

आणि गुरुवारी सकाळी मला फोन आला. मी पोळ्या लाटत होते. फोन खांद्याने कानाला धरला. पुरुषाचा आवाज, जर्मन बरी पण इथली नव्हे. फार नम्र, नावाआधी 'फ्राउ' म्हणजे 'बाई' लावणारा.

"फ्राउ शिंगटे, माझ्या दारात चुकून तुमचा एक डबा आलाय. माझा नाही. मी तुमचं गिऱ्हाइक नाही."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"नंबर काय आहे खाली?"

"मला वाचता येत नाही, पण एकाने सांगितलं, तेवीस."

"तेवीस तर व्होनहाइमचा आहे. त्या मुलीचा."

"मी तिथून जवळच राहतो. नेऊन देतो ना. बिचारी उपाशी असेल. कोणती खोली?"

मी खोली सांगितली. नाव सांगितलं, आडनावासकट. वर आभारही मानले. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याचं नाव मी विचारलं नाही. मला फक्त डबा चुकल्याची लाज वाटत होती.

त्या दुपारी मीनाने तेवीस नंबरचा डबा मला नेहमीसारखा परत दिला. मला वाटलं, त्या माणसाने आणून दिला असेल. तिला मी विचारलं नाही. चूक आपली असली की आपण विषय काढत नाही.

तर सोमवारी दुपारी मी तिच्या खोलीत उभी होते आणि हे सगळं मला एकदम कळलं होतं. माझ्या गाडीत अजून एकोणीस डबे होते. नाशिकच्या मुलीला गाडीची किल्ली दिली आणि यादी दिली. मीनाला म्हटलं, "लॅपटॉप घे. पोलिसांकडे चल."

"पोलीस काय करणार?"

"ते मला माहीत नाही. पण आपण दोघी इथे बसून काही होणार नाही."

चौकीत एक तरुण शिपाई होता. त्याने सगळं ऐकलं, दोनदा देशाचं नाव विचारलं, मग दार्मश्टाटला फोन केला. तिथे श्टाट्सशुत्स म्हणून पोलिसांचा एक विभाग आहे. राजकारणातले गुन्हे, अतिरेकी, परक्या देशांचे हेर, हे त्यांचं काम. तिथल्या एक अधिकारी बाई तासाभरात येतील, म्हणाला.

मीना बाकावर बसली आणि लॅपटॉप उघडला. पेटीतल्या एकेका मुलाला ती निरोप पाठवायला लागली. आधी भावाला. भाऊ तिच्याहून लहान, एकवीस वर्षांचा, तिथल्या कॉलेजात. तो महिनाभर घराबाहेर लपून होता.

"काय लिहिलंस त्याला?"

"घरी जाऊ नकोस. आईचा फोन आला तरी जाऊ नकोस. शहर सोड."

"बाकीच्यांना?"

"फोन पुसा. आज रात्री घरी झोपू नका."

"किती जण आहेत?"

"भावाला सोडून दोनशे अकरा."

त्या बाई, फ्राउ फोग्ट, अडीचला आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, हातात थर्मास. त्यांनी आम्हाला एका खोलीत नेलं, दार लावलं आणि वही काढली.

"तर मग," त्या म्हणाल्या. "पेज तुमचं आहे?"

"हो."

"त्या सरकारने या पेजची आमच्याकडे तक्रार केली आहे. राष्ट्रीय सुरक्षेला धोका म्हणून. कोण चालवतं ते कळवा, असं दोनदा विचारलं. आम्ही उत्तर दिलं नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

"ते मी तुम्हाला विचारणार आहे. पण आधी दुसरं एक. उन्हाळ्यात या पेजवर एका पोलीस अधिकाऱ्याचा फोटो होता. खाली त्याची गल्ली लिहिली होती."

मीनाने मान खाली घातली. "मी लावला होता. त्याने एका मुलीचा हात मोडला होता. दोन तासांनी मी तो काढला."

"त्या दोन तासांत लोक त्याच्या घरी गेले. दगड मारले. त्याची बायको आत होती. एका डोळ्याने तिला आता दिसत नाही."

"मला माहीत आहे."

"बरं. मला फक्त बघायचं होतं की तुम्हाला माहीत आहे का."

 फ्राउ फोग्टनी वहीचं पान उलटलं आणि विचारलं, "तुमचं नाव आणि खोली नंबर कोणाकोणाला माहीत होता?"

"कॉलेजला. मैत्रिणींना. मावशींना."

मग त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं. फोन, पोळ्या, तेवीस नंबर, नम्र माणूस, सगळं. मीना जर्मन शब्द ऐकत होती आणि तिचे हात लॅपटॉपवर थांबले होते.

"कधी?" तिने विचारलं.

"गुरुवारी."

"तुम्ही गुरुवारी दुपारी आला होतात. मला बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

"डबा चुकला हे गिऱ्हाइकाला सांगायची लाज वाटली."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने परत लॅपटॉपकडे बघितलं आणि पुढचा निरोप टाईप करायला लागली. मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण माझ्यासाठी तिच्याकडे वेळ नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

फ्राउ फोग्ट म्हणाल्या, "बरोबर. आम्ही जे सांगितलं नाही ते त्यांनी तुमच्याकडून घेतलं. पण फ्राउ शिंगटे, तुमच्यापर्यंत ते कसे आले?"

 माझं 'मावशींचा डबा' नावाचं फेसबुक पेज मंदारने बनवून दिलं होतं, माझ्या फोन नंबरसकट. मंदार म्हणजे माझं जुनं गिऱ्हाइक, कारखान्यात इंजिनियर, पुण्याचा. मी त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मंदार, माझ्या डब्याचा फोटो कुठे बघितलास का तू?"

"हो, हो. बघितला ना. तुम्ही फेमस झालात मावशी."

"कुठे?"

"जर्मनीतल्या भारतीयांचा ग्रुप आहे ना फेसबुकवर, तिथे कोणीतरी टाकला होता. म्हणाला, आजीच्या घरी असा डबा होता, यावर काय लिहिलंय कोणी सांगेल का? मी लगेच ओळखला. लिहिलं, अरे हा तर आमच्या मावशींचा डबा, र्युसेल्सहाइममध्ये यांच्यासारखं पिठलं कुठे मिळणार नाही. तुमच्या पेजची लिंकपण टाकली. पन्नास लाइक आले."

"नंबर पण सांगितलास?"

"कोणीतरी विचारलं खाली काय आहे, तर सांगितलं तेवीस. का हो?"

"इथे चौकीत ये," मी म्हटलं. "गाडी हळू चालव."

मंदार आला तेव्हा त्याच्या गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. फ्राउ फोग्टनी त्याचा फोन बघितला. तो फोटो टाकणारं खातं गेल्या मंगळवारीच उघडलेलं होतं आणि आता बंद होतं. मीनाचा फोटो कापून, कागद वगळून, फक्त डबा ठेवला होता.

मंदार मराठीत मला म्हणाला, "मावशी, मला काय माहीत? परदेशात मराठी दिसलं म्हणून लिहिलं."

"मलाही काही माहीत नव्हतं. बस खाली."

"मी तिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. काम विचार."

मीनाने दोघांनाही काम दिलं. पेज नुसतं पुसून चालत नाही, हे तिने समजावलं. पुसलं तरी ते काही दिवस कंपनीकडे राहतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला परत आणता येतं. म्हणून पेटीतला प्रत्येक निरोप उघडायचा, त्या माणसाला सावध करायचं, त्याचं उत्तर आलं की सगळं संभाषण पुसायचं. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या वाटेने गाठायचं. मंदारने दुसरा लॅपटॉप लावला. मी कागदावर रेघा मारत होते. उत्तर आलं की एक रेघ. लिहिणं-वाचणं न लागणारी कामं मला बरी जमतात.

मध्येच मीना फ्राउ फोग्टना म्हणाली, "सहाला मी काय करू?"

"पासवर्ड देऊ नका."

"आणि आई?"

"इथे तुम्हाला कोणी हात लावला तर ते आमचं काम. आजपासून व्होनहाइमच्या दाराशी माणूस राहील. तिथे आमचा हात पोचत नाही. परराष्ट्र खात्याला मी आत्ताच कळवलंय. ते उद्या बोलतील."

"उद्या," मीना म्हणाली.

"मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

त्या बाईंचं मला तेवढंच आवडलं.

साडेपाचला माझ्या कागदावर दोनशे चार रेघा होत्या. सात जणांचं उत्तर नव्हतं. त्यांचीही संभाषणं मीनाने पुसली. पेटी रिकामी झाली. मग ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

"पासवर्ड मी देणार," ती म्हणाली. "आता त्यात काही नाही. ते म्हणाले पासवर्ड द्या. मी देईन."

मंदार म्हणाला, "बघतील तेव्हा कळेल ना त्यांना."

"तोपर्यंत आई बाहेर पडेल. मावशीच्या घरी जाईल. माझ्या खऱ्या मावशीच्या."

 फ्राउ फोग्टनी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

सहाला फोन आला. या वेळी मी मागे उभी होते, म्हणून नीट दिसलं. तीच खोली, तीच खुर्ची, आई. आणि आईच्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा. मीनासारखंच नाक, मीनासारख्याच भुवया.

मीनाने फोन दोन्ही हातांनी धरला.

भाऊ बोलला. नंतर तिने मला सांगितलं तो काय म्हणाला ते. तो म्हणाला, "तुझा निरोप मिळाला. पण गल्लीतल्या बाईने सांगितलं की आईजवळ माणसं बसलीत. मी कसा जाणार होतो?"

निळ्या बाहीचा माणूस म्हणाला, "तो स्वतःच आला. आम्ही बोलावलं नाही. आता पासवर्ड."

तिने दिला. एकेक अक्षर सांगून दिला. तिकडे कोणीतरी ते टाईप केलं. पाच मिनिटं काही झालं नाही. आईने मुलाचा हात धरला होता. मग तिकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि त्या माणसाने पहिल्यांदा कॅमेऱ्यात तोंड आणलं. साधं तोंड होतं. मिशी, चष्मा. तो एक वाक्य बोलला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

मीनाने सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्या रात्री मीना माझ्या घरी राहिली. पुढे सहा महिने राहिली. मी तिची माफी मागितली का, असं मला नंतर मंदारने विचारलं. मागितली. ती म्हणाली, "मावशी, त्या पोलिसाची गल्ली मी लिहिली होती. मला कोणाला माफ करायचा हक्क नाही." मग तिने ताट पुढे ओढलं आणि जेवली. मला ते जेवण जात नव्हतं, पण मीही जेवले.

परराष्ट्र खातं दुसऱ्या दिवशी बोललं. तिकडून उत्तर आलं की अशा नावाचा कोणी तरुण आमच्या ताब्यात नाही. फोन झाला त्याच संध्याकाळी आईला घरी सोडून ते भावाला घेऊन गेले होते. ती रोज तीन ठिकाणी जाऊन मुलाची चौकशी करायची. अकराव्या दिवशी एक गाडी आली आणि त्यांनी मुलगा घरी आणून दिला. हृदय बंद पडलं, असं लिहून दिलं. कापड उघडायचं नाही, अशी सही घेतली.

मीनाने मला एकदा विचारलं होतं. पेटीतली यादी तशीच दिली असती तर भाऊ वाचला असता का?

मी म्हटलं, "माहीत नाही. कदाचित वाचला असता. कदाचित तो आणि दोनशे अकरा, सगळेच गेले असते. जे माहीत नाही त्यावर मी तुला बरं वाटेल असं बोलणार नाही."

"बोलू नका," ती म्हणाली.

मीनाने नंतर पेज चालवलं नाही. दुसऱ्या कोणीतरी नव्या नावाने सुरू केलं, कोणी ते तिने विचारलं नाही आणि तिला कोणी सांगितलं नाही. ती म्हणते, आता असंच करतात, एकाला दुसऱ्याचं नाव माहीत नसतं. तिकडच्या सरकारनेही नवीन माणसं घेतलीत, दिवसभर असे फोटो बघायला. चहाचा कप, खिडकीबाहेरचं झाड, भिंतीतला बटणांचा बोर्ड. त्यावरून गाव शोधतात. त्यासाठी त्यांना फार शिकलेली माणसं लागत नाहीत. ग्रुपवर साधा प्रश्न टाकायचा, उत्तर द्यायला लोक आनंदाने बसलेलेच असतात. मदत करायला आपल्याला आवडतं. आपलं गाव, आपली भाषा, आपलं माणूस दिसलं की आधी आपण बोलतो आणि मग विचारतो, तू कोण?

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. डबे अजून करते, थोडे. फोनवर कोणी कितीही नम्र बोललं तरी आधी त्याचं नाव विचारते, नंबर घेते आणि मग मी परत फोन करते. खरं काम असलेला माणूस त्यावर रागवत नाही. चुकलेला डबा असेल तर म्हणते, माझ्याकडे आणून द्या, ज्याचा आहे त्याला मी पोचवीन. इतकं सोपं होतं ते. गुरुवारी सकाळी मला सुचलं नाही.

मीनाला इथे आश्रय मिळाला. ती स्टुटगार्टकडे नोकरी करते, झिंडेलफिंगेनला. तिची आई तिच्या बहिणीकडे आहे, तिला पासपोर्ट देत नाहीत. दोनशे अकरापैकी दोनशे चार जणांना निरोप पोचला होता आणि त्यातला एकही पकडला गेला नाही. उरलेल्या सात जणांचं आजपर्यंत काही कळलेलं नाही. आई जिवंत आहे. मीना जिवंत आहे. भाऊ नाही.